आष्टीचे दोन ढेकूण : एक रानातला, एक पाण्यातला

महाराष्ट्राच्या नकाशात आष्ट्या एकाहून अधिक आहेत, आणि इतिहासाच्या वाचकाला त्यांपैकी ज्या दोन ठाऊक असतात त्या प्रस्तुत लेखाच्या कक्षेबाहेरच्या होत : १८१८ च्या फेब्रुवारीत बापू गोखले ज्या रणांगणावर पडले ती आष्टी सोलापूर जिल्ह्यातली, आणि १९४२ च्या ऑगस्टात चिमूरच्या जोडीने जिचे नाव देशभर गाजले ती आष्टी वर्धा जिल्ह्यातली. बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, नगर जिल्ह्याच्या सरहद्दीला खेटून बसलेली तिसरी आष्टी, जी १९४८ पर्यंत निजामाच्या मुलखात मोडत असे, तिच्या वाट्याला असा कोणताही प्रसंग आलेला नाही. तिची कीर्ती असलीच तर अवर्षणाची. बीड जिल्ह्याचे बहुतेक पाणी गोदावरीकडे वाहते. आष्टीचे मात्र सीनेला मिळून भीमेवाटे कृष्णेत जाते, एवढा एक भौगोलिक वेगळेपणा तिच्या पदरी आहे. बालाघाटाच्या उतारावरची मुरमाड जिराईत, ओढ्यांच्या काठाने पसरलेल्या काळ्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्या, १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांतून झालेले पाझर तलाव, आणि अलीकडच्या काळात शेतोशेती खोदली गेलेली शेततळी, असा या तालुक्याचा थोडक्यात तपशील सांगता येतो. आणि या तपशिलातल्या दोन ठिकाणांशी, म्हणजे काळ्या पट्टीतल्या कपाशीच्या रानाशी आणि पाझर तलावाच्या शेवाळलेल्या काठाशी, आपल्याला आज कर्तव्य आहे, कारण या दोन ठिकाणी एकाच गणाचे दोन कीटक दोन सर्वस्वी भिन्न रीतींनी संसार करतात.

रानातल्याला शेतकरी लाल ढेकूण किंवा लाल ढेकण्या म्हणतात. शास्त्रीय दप्तरात त्याची नोंद डिस्डर्कस कोनिगाय अशी आहे. पाण्यातला तो डिप्लोनिकस रस्टिकस. त्याला आपण या लेखापुरते पाणढेकूण म्हणू. दोघांवरही लिहिले गेले आहे ते थोडेथोडके नाही, परंतु त्या लिखाणाची विभागणी अशी विचित्र झाली आहे की, एकाचे कागद कृषिखात्याच्या कपाटात आणि दुसऱ्याचे मत्स्यव्यवसाय, हिवताप व प्राणिशास्त्र यांच्या कपाटांत पडून राहिले, आणि दोन्ही कागद एका मेजावर समोरासमोर मांडून पाहण्याचे प्रयोजन फारसे कोणाला भासले नाही. लंडनमध्ये बसून विल्यम ल्यूकस डिस्टंट या गृहस्थाने १९०२ ते १९१८ या काळात ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेत या गणाचे सात खंड सिद्ध केले, आणि त्या खंडांत दोन्ही कुळे नांदतात हे खरे; परंतु सुईला टोचून आलेल्या मृत नमुन्यांवरून केलेले ते वर्णन असल्यामुळे रंग, शिरा आणि सांधे यांच्या बाबतीत ते जितके दक्ष आहे तितकेच प्राण्याच्या राहणीविषयी अबोल आहे. तुलना करायची ती राहणीचीच. आणि तीही, माझ्या मते, उपद्रवी आणि उपकारक अशा दोन रकान्यांच्या खतावणीत न बसवता.

ढेकूण या नावाने आपण ज्याला घरात ओळखतो तो खाटेच्या फटीतला रक्तपिपासू प्राणी या विशाल कुटुंबाचा एक किरकोळ, पंख गमावलेला आणि काहीसा अध:पतित सभासद आहे. जगभरात या उपगणाच्या ४०,००० च्या आसपास जाती वर्णिल्या गेल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुसंख्य जातींना माणसाच्या रक्ताशी काहीएक देणेघेणे नाही. सगळ्यांना बांधणारी खूण दोन अवयवांची. एक, पुढच्या पंखांची जोडी, जिचा बुडाकडचा अर्धा भाग चामड्यासारखा चिवट आणि टोकाकडचा अर्धा भाग पातळ पापुद्र्याचा असतो. दुसरी, आणि अधिक महत्त्वाची, सोंड : डोक्याखाली दुमडून ठेवता येणारी एक सांधेदार नळी, तिच्या आत चार बारीक सळया, आणि त्या सळया एकमेकींत बसून झालेले दोन मार्ग, एकातून लाळ बाहेर जाते आणि दुसऱ्यातून रस आत येतो. चावण्याची, कुरतडण्याची, गिळण्याची सोयच या कुळाला नाही. घन पदार्थ खायचा असेल तर तो आधी बाहेरच पातळ करावा लागतो. ही सोंड घेऊन यांचे पूर्वज ज्या काळी निरनिराळ्या वाटांनी गेले तो काळ सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीचा, किंबहुना त्याहूनही जुना. आष्टीच्या विहिरी खोदताना ज्या काळ्या पाषाणाला सुरुंग लावावा लागतो तो लाव्हारस थंड होऊन अवघी साडेसहा कोटी वर्षे झाली आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे या दोन घराण्यांच्या फारकतीचे वय काय असेल याची कल्पना येते.

मार्गशीर्षातल्या एखाद्या सकाळी, ऊन पुरते तापण्याच्या आत, दुसऱ्या वेचणीला आलेल्या कपाशीच्या रानात गेले असता फुटलेल्या बोंडावर लाल ढेकणांचा जो मेळावा दिसतो तो एकदा पाहिलेला मनुष्य विसरत नाही. प्रौढ कीटक अर्ध्या इंचाच्या आसपास लांब, शेंदरी लाल. मानेपाशी एक शुभ्र पट्टा, पोटाखाली आडवे पांढरे पट्टे, प्रत्येक पुढच्या पंखावर एक काळा ठिपका आणि पंखाचे टोक काळे. त्यांच्या भोवती त्याच रंगाची, पण बिनपंखांची, लहानमोठी पिले एकाच सरकीला चहूबाजूंनी सोंडा लावून बसलेली असतात. जोड्या असतात त्या एकमेकांकडे पाठ करून जोडलेल्या. मादी आकाराने मोठी, म्हणून ती पुढे चालते आणि नर उलट्या पावली तिच्यामागे फरपटत जातो, आणि ही अवस्था काही तासांची नसून दोन-दोन, तीन-तीन दिवस टिकते. पोटाखालच्या त्या शुभ्र पट्ट्यांविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तो रंग शोभेसाठी बाहेरून आणलेला नव्हे. शरीरात तयार झालेले आणि बाहेर न टाकलेले यूरिक आम्ल या वंशातले कीटक त्वचेखाली साठवतात, आणि आपण जिला नक्षी समजतो ती त्या साठ्याची पांढरी रेघ असते.

या जातीचे नामकरण फाब्रिसियस या डॅनिश पंडिताने १७७५ मध्ये केले, आणि नाव दिले ते तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीत वैद्य म्हणून आलेल्या योहान गेर्हार्ट कोनिग याचे. दोघेही लिनियसचे शिष्य. त्याच वर्षी त्याच लेखणीने वर्णिलेली सिंग्युलॅटस ही दुसरी जात दिसायला इतकी सारखी की, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या हिंदुस्थानी शेतकी साहित्यात, पुसा येथील पहिले इंपीरियल कीटकशास्त्रज्ञ मॅक्सवेल-लेफ्रॉय यांच्या लिखाणातसुद्धा, लाल ढेकणाची हकिगत सिंग्युलॅटस याच नावाखाली नोंदली गेली. १९४७ साली फ्रीमन यांनी अमेरिकेतल्या जाती सोडून बाकी वंशाची फेरतपासणी केल्यावर हा गुंता सुटू लागला, आणि सिंग्युलॅटस ही ईशान्येकडची व पूर्वेकडची, तर दख्खनची ती कोनिगाय, असा निवाडा मान्य झाला. जुने अहवाल चाळणाऱ्याने ही खूणगाठ बांधून ठेवावी.

त्याचे अन्न सरकी. भेंडी, अंबाडी, पेटारी, सावर अशा कपाशीच्या नात्यातल्या इतर झाडांच्या बियाही त्याला चालतात, म्हणूनच रानात कपाशी नसतानाही तो नाहीसा होत नाही. सळया बियाच्या सालीतून आत घुसतात, लाळेने गर पातळ होतो, तेल व सत्त्व निघून जाते, आणि उरते ती हलकी, पेरणीला आणि घाण्याला दोन्हीला निकामी सरकी. परंतु शेतकऱ्याचे खरे नुकसान याहून वेगळ्या वाटेने होते. हिरव्या बोंडाला सोंड लावताना तिच्यावाटे बुरशीचे बीज आत जाते आणि बोंड आतून सडून कवडी बनते; जे बोंड नीट फुटते त्याच्या कापसावर विष्ठेचे पिवळे डाग पडतात; आणि वेचणीबरोबर जिनात गेलेले कीटक रुळांत चिरडले गेले म्हणजे रुईवर तांबूस डाग उमटतो, व्यापाऱ्याच्या डोळ्याला तो नेमका दिसतो आणि भाव उतरतो. २००२ च्या मार्चमध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाल्यावर बोंडअळीसाठीच्या फवारण्या कमी झाल्या. त्या फवारण्यांनी अळीबरोबर रस शोषणाऱ्या किडीही मरत असत. बीटी प्रथिनाचा परिणाम अळ्यांवर होतो, सोंडवाल्यांवर होत नाही. साहजिकच लाल ढेकूण आणि त्याचे मिरीड कुळातले भाऊबंद यांना मोकळे रान मिळाले. त्यात फरदडीची सवय. पाणी असेल तर डिसेंबरनंतरही पऱ्हाटी उभी ठेवून आणखी एक वेचणी काढायची, हा मोह आष्टीसारख्या तालुक्यात समजण्याजोगा आहे. परंतु दिवाळीच्या सुमाराला निम्मे गाव कोयता उचलून साखर कारखान्यांकडे गेलेले असते, वेचायला हात मिळत नाहीत, आणि उशिरा फुटलेली बोंडे ज्याच्या स्वाधीन होतात तो हा.

त्याला शत्रू नाहीत असे नव्हे. अँटिलोकस नावाचा त्याच्याच कुळातला, त्याच्यासारखाच तांबडा, पण मांसाहारी ढेकूण त्याला सोंडेने भोसकून खातो. घराण्यातल्या एकाने बी सोडून भाऊबंदांवर उपजीविका सुरू केली, एवढाच काय तो फरक.

या कुळाच्या संशोधनात कागदाचे जे प्रकरण घडले ते विषयाला थोडेसे आडवे असले तरी टाळता येत नाही. १९६५ च्या सुमारास प्रागहून कारेल स्लामा हे हार्वर्डला विल्यम्स यांच्या प्रयोगशाळेत आले, आणि येताना त्यांनी युरोपातला लाल ढेकूण आणला. प्रागमध्ये व्यवस्थित वाढणारी पिले अमेरिकेत मात्र प्रौढ होईनात. कात टाकून ती पुन्हा मोठी पिलेच होत आणि अखेर मरत. शोध घेता घेता दोष निघाला तो काचपात्रात अंथरलेल्या अमेरिकन कागदाचा : तो ज्या झाडाच्या लगद्याचा, त्या बाल्सम फर वृक्षात या कुळाच्या बाल्यरसाची, म्हणजे पिलाला पिलूच ठेवणाऱ्या शरीरस्रावाची, नक्कल करणारे द्रव्य होते. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्राच्या कागदावर पिले प्रौढ होत नसत, लंडनच्या कागदावर होत. १९६६ साली सक्सेना व विल्यम्स यांनी हेच द्रव्य आपल्या कोनिगायवर लावून पाहिले आणि परिणाम तोच आला. कीटकाच्या वाढीचा खटका विषाशिवाय बंद करता येतो, ही कल्पना त्या प्रकरणाने रुजवली. कपाशीच्या रानात मात्र तिचा म्हणावा तितका उपयोग अद्याप झालेला नाही.

आता पाझर तलावाकडे वळू. श्रावण-भाद्रपदात पाणी चढून काठचे गवत बुडाले म्हणजे त्या गवतात चाळणी किंवा जुनी मच्छरदाणी फिरवावी, आणि वर आलेला गाळ पांढऱ्या थाळ्यात पाण्याबरोबर ओतावा. काड्या, शेवाळ, गोगलगायी, बेडकाची पिले, हे सारे स्थिरावले म्हणजे एक सपाट, लंबगोल, मातकट तपकिरी चकती स्वत:हून हलू लागते. तोच आपला पाणढेकूण : लाल ढेकणाहून थोडा मोठा आणि बराच रुंद, कडा किंचित पिवळसर. पुढचे दोन पाय चालण्याचे राहिलेलेच नाहीत. ते आकड्यासारखे वळलेले असून भक्ष्य धरण्यापुरते आहेत. मागचे पाय चपटे, काठाला केसांची झालर असलेले, वल्ह्यासारखे. डासाची अळी थाळ्यात सोडली तर तो पाठलाग करीत नाही. काडीला उलटा लटकून राहतो, अळी टप्प्यात आली की आकडे मिटतात, सोंड आत जाते, आणि काही वेळाने अळीची रिकामी कात पाण्यावर तरंगते. गोगलगायीच्या बाबतीत तो शंखाच्या तोंडातून सोंड आत घालतो. हाताळताना बोट जपावे. त्याचा दंश गांधीलमाशीची आठवण करून देतो.

सोंड तीच, पद्धत तीच : आधी लाळ सोडून गर पातळ करावा, मग शोषावा. सरकीच्या तेलकट गराऐवजी बेडकाच्या पिलाचे मांस, एवढाच पालट. वस्तीच्या फरकाने बदलले ते पाय, आणि ज्याची गोष्ट पुढे येणार आहे तो श्वास. मुखाच्या रचनेत वस्तीला हात घालता आला नाही. आणि ज्यांना परिस्थितीच सर्व काही घडवते असे वाटते त्यांनी या एका सोंडेपाशी थोडे थांबावे.

पाणढेकूण पाण्यात राहतो, पण पाण्यातला श्वास घेत नाही. त्याच्या पोटाच्या टोकाला आत-बाहेर सरकणाऱ्या दोन लहान पट्ट्या असतात. त्या पृष्ठभागाला टेकवून तो पंखांखालच्या पोकळीत हवा भरून घेतो आणि ती संपेपर्यंत खाली राहतो. जमिनीवरून पाण्यात गेलेल्या घराण्याचा हा वंशज आहे, आणि हवेचे देणे त्याला अजून चुकते करावे लागते. मत्स्यबीज वाढवणाऱ्यांनी ही गोष्ट कधीच हेरली. कारण डासांच्या अळ्या फस्त करणारा हा प्राणी माशांची कोवळी पिलेही तितक्याच आवडीने फस्त करतो, आणि म्हणून संवर्धन तळ्यात बीज सोडण्यापूर्वी हेक्टरी ५६ किलो वनस्पती तेल आणि १८ किलो साबण यांचे मिश्रण पाण्यावर पसरण्याची जुनी शिफारस आपल्याकडे आहे. त्या तवंगाला पट्टी टेकली की हवा मिळत नाही आणि पाण्यातला शिकारी पाण्यातच गुदमरतो. एकाच तालुक्यात आरोग्यखात्याच्या दृष्टीने जो सहायक, तोच शेततळ्यात मासे सोडणाऱ्याच्या दृष्टीने चोर. बंगालमधील संशोधकांनी या जातीची आणि तिच्या अ‍ॅन्युलेटस या बहिणीची डासांच्या अळ्या व गोगलगायी यांवरील भूक मोजून तिला जैविक नियंत्रणाच्या यादीत मानाचे स्थान दिले आहे; ते योग्यच आहे, फक्त ती भूक माणसाच्या यादीप्रमाणे निवड करीत नाही.

इथवर जे आले ते कोणत्याही तुलनेत यावे असेच आहे. दोन्ही जातींचे मर्म मला दिसते ते अंड्याच्या व्यवस्थेत, आणि आष्टीसारख्या मुलखात तर ते अधिकच ठळक दिसते, कारण अंड्याला दोनच गोष्टी हव्या असतात, ओल आणि हवा, आणि या तालुक्यात एक असते तेथे बहुधा दुसरी नसते.

लाल ढेकणाची मादी पाऊसकाळी किंवा पाणी दिलेल्या रानात भेगेत, ढेकळाखाली, पालापाचोळ्याच्या आडोशाला सत्तर ते शंभर फिकट पिवळ्या अंड्यांचा पुंजका घालते आणि निघून जाते. भेगेत हवा मुबलक, प्रश्न ओलीचा. माती वाळली की अंडी सुरकुततात. उन्हाच्या मानाने आठवड्याभरात पिले निघतात, आणि पहिली कात टाकीपर्यंत ती सरकीकडे वळतही नाहीत, त्यांना हवे असते ते केवळ पाणी. मादी निघून जाते असे म्हटले खरे, परंतु ती अगदीच रिकाम्या हाताने सोडून जात नाही. या कुळाच्या आतड्यात जे जीवाणू राहतात ते सरकीत नसलेली ब जीवनसत्त्वे पुरवतात. मादी ते अंड्यांच्या सालीवर माखून ठेवते, आणि पिले ती साल चोखून आपल्या आतड्यात वस्ती करून घेतात. प्रयोगशाळेत अंड्यांची साल धुऊन निर्जंतुक केली तर पिले खुरटतात, असे या शतकाच्या दुसऱ्या दशकात जर्मनीत झालेल्या कामाने दाखवले. वाढ पुरी व्हायला पाच कात आणि महिना-सव्वा महिना लागतो.

पाण्यात प्रश्न नेमका उलटा. ओल अपरंपार, हवा दुर्मिळ; प्राणवायू पाण्यातून हवेच्या मानाने सुमारे दहा हजारपट संथ गतीने पसरतो. लहान अंड्याला तेवढ्यावर निभावता येईल, परंतु शिकारी प्राण्याच्या पिलाला जन्मताच दुसऱ्या जिवाशी झुंजायचे असते. म्हणून पिलू मोठे, म्हणून अंडे मोठे, आणि अंडे मोठे म्हणून त्याच्या गाभ्यापर्यंत वायू पोहोचणे कठीण. बुडवून ठेवले तर गुदमरेल, बाहेर ठेवले तर वाळेल. या कुळातल्या थोरल्या शाखेने, म्हणजे हाताच्या बोटाएवढ्या लिथोसेरसने, अंडी पाण्याबाहेर आलेल्या काडीवर घालून आणि नराने रात्री वर चढून ती भिजवून हा पेच सोडवला. आपल्या पाणढेकणाने सोडवला तो अधिक धिटाईने : मादी अंडी नराच्या पाठीवर, पंखांवरच, चिकटवते. डझनावारी अंडी उभी, एकमेकांना लागून, पाठ पूर्ण झाकेपर्यंत. मग आठवडा-दीड आठवडा तो नर उथळ पाण्यात राहतो, पाठ पृष्ठभागाला आणतो, पुन्हा बुडवतो, पायांवर खालीवर उठाबशा काढून अंड्यांवरून पाणी खेळवतो. थाळ्यात असा नर आला तर त्याला घाईने परत सोडू नये. अर्धा तास बघत बसावे.

ती पाठ मादीची असे कीटकशास्त्रज्ञ फार काळ समजत होते. आईने ओझे वाहावे हे त्यांना इतके स्वाभाविक वाटले की, शवविच्छेदन करून लिंग तपासण्याची गरज भासली नाही. १८९९ साली अमेरिकेत फ्लॉरेन्स स्लेटर या बाईंनी ती तपासणी केली आणि ओझे वाहणारा नर आहे हे सिद्ध केले. मात्र त्यांनीही असा शेरा मारला की, नराला हे काम मुळीच रुचत नाही, तो नाइलाजाने सोसतो. हा शेरा पाऊणशे वर्षे टिकला. १९७० च्या दशकात रॉबर्ट स्मिथ यांनी अ‍ॅरिझोनातल्या, याच कुळातल्या एका जातीवर जे निरीक्षण केले त्यात चित्र निराळे निघाले : मादी येते तेव्हा नर आधी समागम घडल्याशिवाय तिला पाठीवर अंडे घालू देत नाही, आणि थोडी अंडी घालून झाली की पुन्हा तिला थांबवून समागम करतो, आणि हे रात्रभर चालते. दुसऱ्याच्या संततीचे ओझे आपण वाहत नाही एवढी खातरजमा त्याने करून घेतलेली असते. लाल ढेकणाचा नर मादीला तीन दिवस चिकटून राहतो तोही याच खातरजमेसाठी. फरक इतकाच की त्याची जबाबदारी सुटका होताच संपते आणि पाणढेकणाची तेव्हा सुरू होते.

यापुढचा मुद्दा दोन्ही कागद एका मेजावर ठेवल्याशिवाय दिसत नाही, आणि या आढाव्याचे प्रयोजन माझ्या दृष्टीने तोच आहे. अवर्षणाच्या मुलखात या दोन्ही कीटकांची खरी मालमत्ता म्हणजे पंख. फाल्गुन-चैत्रात पाझर तलावाचा तळ उघडा पडतो. पाणढेकूण रात्री उडून दुसरे पाणी गाठतो, आणि वाटेत दिव्याच्या खांबाखाली पडलेलाही सापडतो. कपाशी संपली की लाल ढेकणालाही भेंडीचा, अंबाडीचा, पेटारीचा पत्ता शोधत उडावे लागते. आणि दोघेही नेमके हेच पंख संततीसाठी गहाण टाकतात. १९७३ साली डिंगल व अरोरा यांनी आफ्रिकेतल्या डिस्डर्कस वंशाच्या तीन जातींवर प्रयोग करून दाखवले की, प्रौढ झालेली मादी पहिले काही दिवस उडू शकते. पण भरपेट बी मिळाले आणि समागम झाला म्हणजे तिच्या छातीतले उडण्याचे स्नायू विरघळू लागतात, पंख शाबूत राहतात पण उड्डाण कायमचे जाते, आणि शरीराची सारी शक्ती अंडी पोसण्याकडे वळते. उपाशी राहिलेल्या मादीचे स्नायू मात्र टिकतात. पाण्यातल्या जोडीत किंमत मोजतो तो नर : अंडी पंखांवरच चिकटलेली असल्याने ती फुटून पिले बाहेर पडेपर्यंत त्याला पंख उघडताच येत नाहीत. एकीकडे मादी कायमची, दुसरीकडे नर मुदतीपुरता. पण तारण दोन्ही ठिकाणी एकच.

हे ध्यानात घेतल्यास व्यवहारातल्या दोन गोष्टींकडे निराळ्या नजरेने पाहता येते. शेततळ्याला इंजिन लावून दोन-चार दिवसांत तळ गाठला तर मोकळे कीटक उडून जातील, पण पाठीवर अंडी असलेले नर चिखलात अडकतील. तेच पाणी हळूहळू आटत गेले तर अंडी फुटायला आठवडा-दीड आठवडा मिळतो. तळ्यात मासे नसतील आणि डासांचा उपद्रव असेल, तर पाणी उपसण्यात ही सबुरी परवडण्याजोगी आहे.

कपाशीच्या बाबतीत जुन्या शेतकी खात्याची शिफारस अशी होती की, रॉकेल मिसळलेल्या पाण्याचे पसरट भांडे झाडाखाली धरून बोंडे हलवावीत आणि कीटक त्यात पाडावेत, किंवा कुटलेल्या सरकीचे लहान ढीग रानात ठेवून त्यांवर जमलेले ढेकूण सकाळी गोळा करून मारावेत. फवारणीच्या काळात ही रीत मागे पडली, परंतु ज्या मादीने भरपूर खाल्ले आहे ती उडत नाही, चालतच जाते, हे कळल्यावर त्या रीतीत किती शहाणपण होते ते उमगते. उलट पक्षी, एकट्या शेतकऱ्याने जानेवारीत आपली पऱ्हाटी उपटून बांध स्वच्छ केला आणि शेजाऱ्याची फरदड उभीच राहिली, तर नुकत्याच प्रौढ झालेल्या उपाशी माद्या, ज्यांचे स्नायू अजून शाबूत आहेत, त्या त्याच्या रानातून उठून शेजारच्या रानात उतरतात आणि तेथे खाऊन अंडी घालतात. म्हणून पऱ्हाटी काढायची ती शिवाराने एका आठवड्यात, जिनाच्या आवारात सांडलेली सरकी त्याच आठवड्यात झाडून, आणि बांधावरच्या पेटारीसकट.